आईने काहीच टाकलं नाही

अमेरिकेत साठी-सत्तरीच्या कुठल्याही माणसाशी बेसबॉलच्या कार्डांचा, म्हणजे पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याचे आकडे छापलेल्या पत्त्यांचा, विषय काढा, तिसऱ्या वाक्याला त्याची आई येतेच. "मी कॉलेजात गेलो आणि इकडे आईने माझी सगळी कार्डं कचऱ्यात टाकली. आज असती तर..." पुढे उसासा. ऑफिसात, केस कापताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून मी ही गोष्ट ऐकलेली आहे.

माझी आई डोंबिवलीची. तिने आयुष्यात काही टाकलेलं नाही. श्रीखंडाचे डबे इकडे मिळाले नाहीत तेव्हा तिने दह्याचे जमवले. भेटवस्तूंवरचा कागद इस्त्री करून ठेवला. त्यामुळे ऑक्टोबर २०२० मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनचं आईचं घर विकायला काढलं आणि मी तळघरात उतरलो, तेव्हा माझी लहानपणची कार्डं तिथे असणार याची मला खात्रीच होती. किती असतील याची नव्हती. चौदा खोके निघाले. एकेका खोक्यात आठशेच्या आसपास कार्डं, म्हणजे एकूण अकरा हजारांवर. प्रत्येक खोक्यावर आईच्या अक्षरात, काळ्या मार्करने: "बेसबॉलचे पत्ते, १९८८", "बेसबॉलचे पत्ते, १९८९ (२)". आत डांबराच्या गोळ्या. आणि संघवार गठ्ठे करून त्यांना ब्रॉकलीच्या जुडीला येतात तसले जाड निळे रबरबँड.

या रबरबँडांची आठवण ठेवा. पुढे ते परत येणार आहेत.

आम्ही १९८६ साली जर्सी सिटीला आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आलो त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्सने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि आमच्या गल्लीत दोन दिवस कोणी झोपलं नाही. मला खेळ कळत नव्हता, पण पोरांच्या हातात पत्ते दिसले आणि हायसं वाटलं. डोंबिवलीत मी काड्यापेटीचे छाप आणि सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले जमवणारा गडी. 'माझ्याकडे हा डबल आहे, तुझ्याकडचा तो दे' ही भाषा मला आधीपासून येत होती. नावं तेवढी नवीन शिकायची होती.

१९८७ च्या उन्हाळ्यात ही भाषा फार उपयोगी पडली. त्या वर्षी 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं: आम्ही भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून लावू. डॉट म्हणजे कुंकू. सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला पोरांनी इतकं मारलं की तो गेलाच. आई बाहेर जाताना टिकली काढून आरशावर चिकटवायची आणि घरी आल्यावर परत लावायची. मला एकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जायची बंदी. सुदैवाने कार्डं त्याच दुकानात मिळायची. आठवड्याला एक डॉलर खाऊचा, टॉप्स कंपनीचं मेणकागदी पाकीट चाळीस सेंटला. सतरा कार्डं आणि एक गुलाबी, पिठूळ, पत्र्यासारखं कडक च्युइंगगम. त्या गममध्ये जनावराचं काहीतरी असणार असा आईचा ठाम संशय. तेवढी एकच गोष्ट ती न चुकता टाकायची.

बाबांना कार्डांच्या मागच्या आकड्यांत रस होता. ऑफिसातून आले की चहा घेताना एखादं उलटं करून वाचायचे. बॅटिंगची सरासरी .३०० असली की मोठा खेळाडू, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसले. "म्हणजे दहात तीनदा जमलं की झालं? आणि आमचा सुनील एक्कावन्नची सरासरी घेऊन रिटायर होतो तर लोक म्हणतात, जरा हळू खेळायचा." डॅरिल स्ट्रॉबेरीचं कार्ड आलं त्या दिवशी आईने विचारलं, हे आडनाव आहे? बाबा म्हणाले, "आपल्याकडे भोपळे, मुळे, दोडके चालतात, मग स्ट्रॉबेरीने काय घोडं मारलंय?"

तर हे चौदा खोके. त्या ऑक्टोबरात माझ्या डोक्यात दुसरेच आकडे घुमत होते. टाळेबंदीत माणसं घरात अडकली, हातात सरकारी मदतीचा चेक, खेळ बंद, आणि सगळ्या देशाला एकदम माळ्यावरची कार्डं आठवली. ऑगस्टमध्ये माइक ट्राउटचं २००९ चं एकमेव सोनेरी कार्ड ३९ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं होतं. मी मनात गुणाकार केला. अकरा हजार कार्डं, नगाला एक डॉलर जरी धरला... रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी एक विकून दाखव.

विकायला गेलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो ईबेवर. तिथे लोक काय मागतात ते पाहायचं नाही, 'सोल्ड' हा खुणेचा चौकोन दाबून काय विकलं गेलं तेवढंच पाहायचं. मागणारा पाच हजार मागतो. विकलं जातं पाच डॉलरला. १९८७ चा टॉप्सचा ७९२ कार्डांचा लाकडी किनारीचा अख्खा संच, ज्याच्यासाठी मी दोन उन्हाळे घासाघीस केली होती, तो वीस-पंचवीस डॉलरला जात होता. त्यातले आठ-दहा डॉलर पोस्टाचेच.

असं का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. आणि इथेच आया परत येतात.

टॉप्स ही ब्रुकलिनची च्युइंगगमची कंपनी. १९५२ चा त्यांचा ४०७ कार्डांचा संच साय बर्गर या त्यांच्या माणसाने घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. त्याचा शेवटचा भाग उशिरा बाजारात आला, तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. बर्गर तो कितीतरी वर्षं कार्निव्हलवाल्यांना फुंकून टाकायचा प्रयत्न करत होता. शेवटी १९६० मध्ये त्याने उरलेली खोकी एका तराफ्यावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन अटलांटिकमध्ये बुडवली. ही गोष्ट तो पुढे स्वतः मजेत सांगत असे. त्या बुडालेल्या भागात ३११ नंबरचं, बेसबॉलमधल्या दिग्गज मिकी मँटलचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच मँटलची एक जवळजवळ निर्दोष प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. आमच्या किनाऱ्यावर गणपती विसर्जनाला गेलो की अजूनही मला ते आठवतं. आपण पोचवून येतो ते पुढच्या वर्षी परत येतं. बर्गरने पोचवलं ते कायमचं गेलं, आणि म्हणूनच उरलेल्याचं सोनं झालं.

थोडक्यात, समुद्राने, आयांनी, सायकलच्या चाकात कार्ड अडकवून फटफट आवाज काढणाऱ्या पोरांनी मिळून ही किंमत घडवली. पण आम्ही कार्डं घ्यायला लागलो तोवर ही बातमी सगळीकडे झाली होती. १९८० मध्ये कोर्टाने टॉप्सची मक्तेदारी मोडली, पुढच्याच वर्षी फ्लीअर आणि डॉनरस आले, १९८८ ला स्कोअर, १९८९ ला अप्पर डेक. पाच-पाच कंपन्या दिवसरात्र छापत होत्या. बेकेटचं कार्डांच्या किमतींचं मासिक दर महिन्याला यायचं आणि आम्ही दहा वर्षांची पोरं बाण वर की खाली ते सट्टेबाजासारखे पाहायचो. नवीन खेळाडूचं 'रूकी' कार्ड आलं की ते खेळायचं नाही, प्लास्टिकमध्ये घालायचं. आणि सगळ्यांच्या आयांना कळलं होतं की टाकायचं नाही. माझ्या आईने काही वेगळं केलं नव्हतं. त्या सहा-सात वर्षांत अख्खी अमेरिका माझी आई झाली होती.

इथे या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. मेणकागदातला भंगार.

तरी मी दुकानात गेलो. आमच्या भागातलं जुनं कार्डांचं दुकान, मालक पंच्याहत्तरीचा, नाव नको. दारावरच पाटी: १९८६ ते १९९४ चा माल आणू नये. मी एक खोका आणला होता तो पाठीमागे धरला, पण त्याने वास घेतला. खरंच वास. डांबराच्या गोळ्यांचा. "हे काय आहे?" मी म्हटलं, माझी आई. तो हसला आणि खोका उघडून अर्धा तास बसला. त्याची बोटं बँकेतल्या रोखपालासारखी चालत होती. शेवटी तो म्हणाला की सगळं मिळून फुकट दिलंस तरी मला जागा नाही. पण वीस-एक कार्डं बाजूला काढतो, ती ग्रेडिंगला पाठवून बघ. नशीब असेल तर.

ग्रेडिंग म्हणजे आपल्या कार्डाला पैसे देऊन मार्क आणायचे. पीएसए, बेकेट, एसजीसी अशा मोजक्या कंपन्या. तुम्ही कार्ड पाठवता, ते चारही कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यावर आहे का ते तपासतात, एक ते दहात मार्क देतात आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं सीलबंद करून परत पाठवतात. या पेटीला स्लॅब म्हणतात. स्लॅब म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर डोंबिवलीतली अर्धवट इमारत आणि वर पाणी मारणारा माणूस येतो, पण शब्द तोच. नऊ आणि दहा यांच्यातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; किमतीत तो चौपट, दसपट असू शकतो. आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "बोर्डाच्या परीक्षेसारखंच की. पेपर आपला, फी आपली, मार्क त्यांचे."

२०२०-२१ चा तो सगळा हिवाळा मी जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसलो. दिवा तिरका धरला की पृष्ठभागावरचे ओरखडे दिसतात. डाव्या-उजव्या किनारी मोजायला एक पारदर्शक पट्टी मिळते. साठ-चाळीसपेक्षा जास्त सरकलेलं असेल तर दहाची आशा सोडायची. मायक्रोफायबरच्या फडक्याने अलगद धूळ काढायची. पुसायचं नाही, नुसतं टेकवायचं. मग पातळ प्लास्टिकचं पाकीट, त्यात कार्ड, ते पाकीट अर्धवट कडक खोळीत, आणि वर निळ्या टेपची छोटी शेपटी, म्हणजे तपासणाऱ्याला ओढून काढता येईल. वीस खोळी पुठ्ठ्यांच्या दोन तुकड्यांत दाबून रबरबँड. इथे मी रबरबँड हातात घेतला आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या विसांपैकी केन ग्रिफी ज्युनिअरबद्दल आधी सांगतो. १९८९ च्या अप्पर डेकच्या संचाचा एक नंबर. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा पोरगा, सिअॅटलकडून अजून एकही सामना न खेळलेला, इतका की कार्डावरचा फोटो खालच्या लीगच्या गणवेशातला आणि टोपी रंगवून सिअॅटलची केलेली. अप्पर डेकचं पाकीट टॉप्सच्या दुप्पट महाग, चकचकीत, मागे होलोग्राम. माझ्याकडे दोन ग्रिफी होते. एक नंबर म्हणजे छपाईच्या मोठ्या तावाच्या अगदी कोपऱ्यावरचं कार्ड, त्यामुळे त्याचे कोपरे कारखान्यातच दुखावलेले असायचे. माझे दोन्ही बरे दिसत होते. गठ्ठ्याच्या मधे होते म्हणून वाचले.

आणि डेरेक जीटर. १९९३ च्या एसपी मालिकेतलं गडद, चमकदार चंदेरी कार्ड. त्याच्या कडांचा मुलामा नुसत्या बोटाने उडतो, त्यामुळे दहा मार्क मिळालेली कार्डं अगदी मोजकी आहेत आणि २०२१ मध्ये त्यांची किंमत घराच्या किमतीच्या भाषेत बोलली जात होती. जीटर जन्माने न्यू जर्सीचा. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना ते कार्ड एका मित्राकडून तीन यांकी, म्हणजे न्यूयॉर्क यांकीज या संघाच्या खेळाडूंची तीन कार्डं, देऊन घेतलं होतं. आणि आईने, लेकाचं आवडतं कार्ड म्हणून, ते यांकींच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं होतं. वर म्हणजे रबरबँडच्या थेट खाली. दोन्ही उभ्या कडांवर मधोमध अर्धा मिलिमीटरचा खाचा. सत्तावीस वर्षं त्या ब्रॉकलीच्या रबरबँडने ते कार्ड हळूहळू चावलं होतं.

मी आईला काही बोललो नाही. तिने मात्र भिंग मागून घेतलं, पाहिलं, आणि म्हणाली, "मी सैल बांधला होता."

फेब्रुवारी २०२१ मध्ये वीस कार्डं पाठवली. अर्जात प्रत्येक कार्डापुढे त्याची किंमत आपणच जाहीर करायची असते. जास्त लिहिली तर फी वाढते, कमी लिहिली आणि पार्सल हरवलं तर बोंबला. नगाला वीस डॉलर फी. कंपनी सांगत नाही कुठली. तीन महिन्यांत परत येतील असं लिहिलं होतं.

नंतर जे झालं ते माझ्या एकट्याचं नव्हतं. देशभरातून कार्डांचा असा पूर आला की सगळ्यात मोठ्या पीएसएनेसुद्धा ३० मार्चला आपल्या बहुतेक सेवा थांबवल्या, आधी साठलेलं उपसू द्या म्हणून. मेमध्ये विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट या दुकानसाखळीच्या एका वाहनतळावर कार्डांवरून मारामारी झाली, बंदूक निघाली, आणि टार्गेटने काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच बंद केलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस सेंट देऊन घेत असे त्या वस्तूवर बंदूक! ऑगस्टमध्ये आणखी एक बॉम्ब पडला: बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या मेजर लीगने आणि खेळाडूंच्या संघटनेने पुढच्या करारात कार्डं काढायचे हक्क टॉप्सला न देता फॅनॅटिक्स या कपडे-टोप्या विकणाऱ्या कंपनीला द्यायचं ठरवलं. सत्तर वर्षांचं नातं असं तुटलं. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने टॉप्सच विकत घेतली. म्हणजे मक्तेदारी मोडून पाच कंपन्या, आणि पाचांच्या पुन्हा एक, ही फेरी माझ्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली. माझी वीस कार्डं मधल्या कुठल्यातरी गोदामात पडून होती. दर पंधरवड्याला मी त्यांच्या यादीत नंबर घालून बघायचो. 'तपासणी बाकी.' मधे घर विकलं गेलं, आई आमच्याकडे राहायला आली, तेरा खोके आणि उरलेला चौदावा आमच्या गॅरेजमध्ये.

सोळा महिन्यांनी, जून २०२२ मध्ये, पार्सल आलं.

ग्रिफी: एकाला नऊ, एकाला आठ. फ्रँक थॉमसला नऊ. बॉन्ड्सला आठ. बाकीचे सात-आठाच्या मधे. डेरेक जीटर: सहा. आईने सगळे स्लॅब टेबलावर मांडले, मार्क वाचले आणि म्हणाली, "सेकंड क्लास आला म्हणायचा." एकाच्या कडेला नाक लावून तिने विचारलं, "डांबराचा वास गेला का रे?" गेला नव्हता. कायमचा सीलबंद झाला होता.

तोवर बाजारही ओसरला होता. पोस्टात उभं राहायची हौस होती म्हणून मी विकायला बसलो. हिशोब असा: फी ४००, जाण्या-येण्याचं पोस्ट आणि विमा ६२, खोळी-पट्ट्या-फडकी २८, एकूण ४९० डॉलर. अकरा कार्डं विकली गेली ६१२ ला. त्यातून दलाली ८०, पाठवणी ५५, हातात ४७७. सोळा महिन्यांच्या उलाढालीत तेरा डॉलर तोटा. बायको काही म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. जीटर मी विकला नाही. खाचा असलेलं ते एकच कार्ड मला दुसऱ्या कोणाकडे गेलेलं चालणार नव्हतं.

या सगळ्यात माझी लेक बाजूला बसून बघत होती, आणि २०२४ पर्यंत ती चौदा वर्षांची होऊन माझ्या पुढे गेली. तिचा छंद फोनवर चालतो. दुकान नाही, गल्ली नाही, अदलाबदल जवळजवळ नाही. 'ब्रेक' असतो. एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसून महागडी खोकी फोडतो आणि आपण आधीच पैसे भरून एखाद्या संघाची जागा घेतलेली असते. त्या संघाची जेवढी कार्डं निघतील तेवढी आपली. मला हे पाहून पहिल्यांदा मुंबईचा मटकाच आठवला. ती म्हणाली, बाबा, मटका काय असतं? मी विषय बदलला.

ती टेक्सास रेंजर्सची जागा मागत होती, कुमार रॉकरसाठी. त्याची आई भारतीय वंशाची. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळला तेव्हा आमच्या घरी तीन पिढ्या एका सोफ्यावर होत्या. आईला गोलंदाजीशिवाय काही कळत नाही, पण 'कुमार' हे नाव पाठीमागे उच्चारलं गेलेलं ऐकून तिने हात जोडले. लेकीच्या त्या ब्रेकमधल्या जागेचे बारा डॉलर दिले. शुक्रवारी रात्री आम्ही तिघं फोनभोवती. तो माणूस एकेक पाकीट कोंबडी सोलावी तसं फाडत होता. चकाकणारं, नंबर घातलेलं, सहीचं कार्ड निघालं की ओरडायचा. साधी कार्डं न बघता डावीकडच्या टोपलीत. रेंजर्सची साधी चार निघाली. कुमार नव्हता. लेकीने विचारलं, माझी चार कधी येतील? मी नियम वाचले. साधी कार्डं पाठवली जात नाहीत. पोस्ट परवडत नाही.

"मग त्यांचं काय करतात?" आईने विचारलं.

लेक म्हणाली, "टाकत असतील, आजी."

आईने टोपलीकडे असं पाहिलं की जणू तिथे भरलेलं ताट उपडं केलंय. मी मात्र वेगळ्याच विचारात पडलो. आता हजार तऱ्हेच्या चमकदार कार्डांवर कंपनी स्वतःच १०० पैकी ७, १० पैकी ३, १ पैकी १ असा आकडा छापते. दुर्मीळपण कारखान्यात तयार होऊन येतं. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसच्या बाजूच्या अकरा वर्षांच्या एका पोराला पॉल स्कीन्स या खेळाडूचं असंच एकमेव कार्ड निघालं, त्यात स्कीन्सच्या पहिल्या सामन्याच्या गणवेशावरची पट्टी. स्कीन्सच्या पिट्सबर्ग संघाने कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. पोराने लिलाव निवडला; ११ लाख डॉलरवर आले. असली कार्डं कोणी हरवणार नाही. ती जन्मापासून पेटीत आहेत. हरवतायत ती डावीकडच्या टोपलीतली. २०६० साली कोणीतरी २०२४ चं अगदी साधं कार्ड शोधत फिरेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बायको म्हणते, हे तू गॅरेज रिकामं न करायला शोधलेलं कारण आहे.

गॅरेज शेवटी आईनेच हलकं केलं. मावसबहिणीच्या मुलाचं बोरनहाण होतं, फेब्रुवारीतल्या शनिवारी, रथसप्तमीच्या आधी. बोरं मिळाली नव्हती, त्यांच्याऐवजी द्राक्षं. चुरमुरे, गोळ्या, हलव्याचे दागिने घातलेला दीड वर्षाचा बाळ, आणि खाली घोंगावणारी पंधरा-वीस पोरं, अर्ध्यांना मराठी येत नाही पण लुटायचं कसं ते सगळ्यांना येतं. आईने पिशवीतून "बेसबॉलचे पत्ते, १९८८" काढले. तिने ते आधी दोन दिवस उन्हात घालून वास घालवला होता, हे मला तिथे कळलं. रबरबँड सोडून मनगटात अडकवले. माझ्याकडे एकदा पाहिलं.

आणि बाळाच्या डोक्यावरून तिने मूठमूठ पत्ते टाकले.

पोरं तुटून पडली. एकाने पाठ वाचून विचारलं, हा जिवंत आहे का? एक जण कोपऱ्यात जाऊन फोनचा कॅमेरा कार्डावर धरून भाव बघत होता. त्याने दोन कार्डं परत चुरमुऱ्यांत टाकून दिली. दोघा बहिणींनी भांडून शेवटी 'डबल दे, स्ट्रॉबेरी घे' असा सौदा केला, आणि तो मी जरा जास्तच वेळ उभा राहून ऐकला.

जेवणं झाल्यावर शोधलं तर आई दिवाणखान्यात खाली बसली होती. सोफ्याखालून, गालिच्याखालून राहिलेली कार्डं गोळा करून, चुरमुरे झटकून, तिने संघवार लावली होती. मनगटातला एक रबरबँड काढला, गठ्ठ्याला अडकवला, परत काढला. पर्स उघडून त्यातला पोळीला गुंडाळायचा मऊ कागद घेतला, तो आधी गुंडाळला आणि त्यावरून रबरबँड लावला.

"पुढच्या वर्षी अजून एक बोरनहाण आहे," ती म्हणाली. "लागतील."